स्लाइड-आउट आत येताना कण्हतेय, वंगण नेमकं कुठे आणि कुठलं मारायचं?

निवांत_मुक्काम:
नमस्कार मंडळी. चार वर्षांपूर्वी एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला, २६ फुटी, त्याला एकच स्लाइड-आउट आहे, म्हणजे मोटरने भिंतीबाहेर सरकणारा खोलीचा भाग, सोफा आणि जेवणाचं टेबल दोन्ही त्यातच. आजवर तिने कधी त्रास दिला नाही म्हणून तिच्याकडे फारसं लक्षही गेलं नाही, बटण दाबलं की बाहेर, बटण दाबलं की आत. यंदा हिवाळाभर ट्रेलर झाकून उभा होता, परवा कव्हर काढलं आणि चालवून बघितली तर बाहेर बऱ्यापैकी गेली पण आत घेताना शेवटचे दोन फूट अक्षरशः कण्हत येतेय. मधूनमधून टक् असा आवाज येतो आणि अगदी शेवटी रबर चरचरतं. आतले दिवेही तेवढ्या वेळात मंद होतात, पण ते मला वाटतं आधीपासूनच होतं.

हाताशी डब्ल्यूडी-४० चा डबा आहे, व्हाइट लिथियम ग्रीसची ट्यूब आहे, आणि रबराला व्हॅसलीन चोळतात असं कुणीतरी सांगितलंय. खाली शिरून सगळीकडे सढळ हाताने ग्रीस थापलं तर चालेल का? पंधरा दिवसांनी मुलांना घेऊन निघायचंय, त्यामुळे चुकीचं काही करून ठेवायची भीती वाटतेय.

पाना_१३:
थांबा, अजून काहीच थापू नका. आधी हे सांगा की तुमची स्लाइड कुठल्या पद्धतीने चालते, कारण एका प्रकाराला जे चालतं ते दुसऱ्याला बाधतं.

ओळखायचं असं. स्लाइड पूर्ण बाहेर काढा आणि बाहेरून वाकून तिच्या खाली बघा. ट्रेलरच्या चासीतून दोन चौकोनी लोखंडी नळ्या बाहेर आलेल्या दिसल्या आणि त्यांच्या खालच्या अंगाला दाते असले तर रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक (पिनियन). खाली काहीच नाही, पण स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वर-खाली आडव्या अॅल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या दिसल्या तर ती इन-वॉल, जिला सगळे श्विनटेक म्हणूनच ओळखतात. चारी कोपऱ्यांजवळ बारीक स्टीलच्या केबल दिसल्या तर केबलवाली. आणि नळ्यांऐवजी तुळतुळीत दांड्याचे सिलिंडर आणि जाड होज असतील तर हायड्रॉलिक.

बघताना खाली नुसतं डोकावा, आत शिरू नका. आणि तुम्ही खाली असताना बटणाजवळ कुणीही असता कामा नये.

निवांत_मुक्काम:
पानादादा, बघून आलो. दोन चौकोनी नळ्या आहेत, खाली दाते आहेत, म्हणजे रॅक-पिनियन. दोन्ही नळ्या एका आडव्या शाफ्टने जोडलेल्या आहेत आणि मोटर उजवीकडच्या नळीजवळ आहे.

पण दाते म्हणतोय ते मी अंदाजाने, कारण ते दिसतच नाहीत. आधीच्या मालकाने बहुतेक दरवर्षी ग्रीसवर ग्रीस चढवलंय. वरून सुकून कातडं धरल्यासारखं झालंय आणि नखाने खरवडलं की आतून काळाकुट्ट चिकट गोळा निघतो, बोटांत चोळला तर चक्क वाळू कचकचते.

पाना_१३:
मला हीच शंका होती. तुमच्या स्लाइडला वंगण कमी पडत नाहीये, नको ते वंगण जास्त झालंय.

ह्या नळ्या कुठे असतात ते लक्षात घ्या. ट्रेलर रस्त्यावर असतो तेव्हा त्या जमिनीपासून हात-दीड हातावर, चाकांच्या शेजारीच असतात. चाकांनी उडवलेली सगळी धूळ, खडी, चिखल, पाणी तिथेच जाणार. बंद गिअरबॉक्समध्ये ग्रीस छान काम करतं कारण तिथे धूळ पोचत नाही. इथे उघड्यावर लावलेलं ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि मग धूळ अधिक ग्रीस म्हणजे व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात जवळपास तीच झाली की. पिनियन फिरलं की हीच पेस्ट दात्यांवर घासली जाते. वरून थंडीत ग्रीस घट्ट होतं, त्यामुळे मोटरला दुप्पट जोर काढावा लागतो.

आता डब्ल्यूडी-४० बद्दल, कारण यावर प्रत्येक धाग्यात वाद होतो. १९५३ साली ते बनलं ते पाणी हटवायला आणि गंज रोखायला, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्यात बहुतांश सॉल्व्हंट आणि थोडं हलकं तेल असतं. जाम झालेला बोल्ट सोडवायला उत्तमच, पण वंगण म्हणून ते टिकत नाही, असलेलं चांगलं वंगण धुऊन नेतं आणि मागे जो तेलकट पापुद्रा राहतो त्यावर परत धूळ बसते. त्याच नावाने ड्राय ल्यूब आणि सिलिकॉनचे वेगळे डबेही मिळतात, तेव्हा नुसता ब्रँड बघून घेऊ नका, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

तुम्हाला पाहिजे पीटीएफईवालं ड्राय ल्यूब. पीटीएफई म्हणजे तेच टेफ्लॉन, १९३८ मध्ये ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना रेफ्रिजरंट गॅसवर काम करताना अचानक सापडलेलं. स्प्रेमध्ये त्याची बारीक पूड सॉल्व्हंटमध्ये मिसळलेली असते. मारलं की ओलं दिसतं, काही मिनिटांत सॉल्व्हंट उडून जातं आणि पांढुरकी कोरडी साय उरते, जिला धूळ चिकटत नाही. डबा मात्र चांगला मिनिटभर हलवायचा, नाहीतर पूड तळाशीच राहते आणि तुम्ही नुसतं सॉल्व्हंट मारत बसता.

पण साफसफाई केल्याशिवाय ते मारण्यात अर्थ नाही. स्लाइड पूर्ण बाहेर काढा, चाकांना ओट (अडकण) लावा, बॅटरीचं कनेक्शन तोडा, बाहेरची वीज जोडलेली असेल तर तीही काढा, आणि मगच हात घाला. प्लास्टिकच्या पट्टीने जाड थर खरवडा, मग मिनरल स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक दाता पुसा. घाईने वायर ब्रश मारू नका, नळीवरचा रंग निघाला की तिथून गंज सुरू. सॉल्व्हंट रबरावर उडू देऊ नका, मागे पुठ्ठा धरा. रात्रभर वाळू द्या, मग दात्यांवर, पिनियनवर आणि शाफ्टच्या बेअरिंगजवळ पातळ हात मारा. ठिबकायला लागलं तर जास्त झालं असं समजा आणि पुसून काढा.

भटकी_वाट:
वाचतेय. धागा वाचनखुणांत साठवला आहे.

लांबपल्ला:
पानादादांशी थोडा असहमत. माझाही रॅक-पिनियनच आहे आणि माझ्या मॅन्युअलमध्ये दात्यांना लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या असं स्वच्छ छापलंय. सहा वर्षं तेच करतोय, एक दाता झिजलेला नाही. सरसकट ग्रीस वाईट म्हणणं मला पटत नाही.

पाना_१३:
लांबपल्ला, तुमचं बरोबर आहे, मीच जास्त सरसकट बोललो. मॅन्युअल काय म्हणतं ते पहिलं, माझं नंतर. काही बनवणारे ग्रीस सांगतात, काही ग्रीस लावूच नका, फक्त ड्राय ल्यूब, असं ठळक छापतात. तुमच्याकडे चालण्याचं कारण मला वाटतं पातळ हात आणि दरवर्षी जुनं पुसून नवीन. धागाकर्त्यांच्या नळीवर जे आहे ते जुनं न पुसता चढवत गेलेलं आहे.

लांबपल्ला:
हो, जुनं पुसतो ना मी, एक अख्खा दुपारचा वेळ त्यातच जातो. तेवढं मान्य.

रानवाट:
रबराबद्दल मी लिहिते कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या स्लाइडची चारही बाजूंची सीलं मी स्वतः बदलली आणि ती खराब होण्याचं कारण व्हॅसलीनच होतं.

ही सीलं बहुधा ईपीडीएम रबराची असतात. ईपीडीएम ऊन-पाऊस छान सोसतं पण पेट्रोलियमचं आणि त्याचं हाडवैर आहे. ग्रीस, व्हॅसलीन, इंजिन ऑइल, नेहमीचं डब्ल्यूडी-४०, यातलं काहीही लावलं तर रबर ते पिऊन फुगतं, मऊ पडतं, आकार सोडतं. आधी महिनाभर फार सुंदर दिसतं, काळं चकाकतं, म्हणून माणूस फसतो. आमचं खालच्या कोपऱ्यातलं सील असं लिबलिबीत झालं होतं की बोटाने दाबलं तर परत वर यायचंच नाही, आणि एक दिवस स्लाइड आत घेताना ते भिंतीलाच चिकटून फाटलं.

सीलं दोन प्रकारची असतात हे आधी नीट बघा. एक फुगीर, पोकळ नळीसारखं, ते स्लाइड पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर गेल्यावर दाबलं जातं आणि पाणी अडवतं. दुसरं पातळ जिभेसारखं, स्लाइड सरकते तेव्हा तिच्या अंगावरून वायपरसारखं पुसत जातं. तुम्हाला जी चरचर ऐकू येतेय ती बहुतेक ह्या जिभेची. कोरड्या रबराची चरचर ही तक्रार आहे, बिघाड नाही.

करायचं इतकंच. पाण्यात सौम्य साबण घालून मऊ फडक्याने दोन्ही सीलं पुसायची, जीभ उलटून तिच्या पाठीमागेही पुसायचं, तिथेच बारीक वाळू अडकते. स्लाइडच्या भिंतीही पुसायच्या, कारण जीभ त्याच्यावरूनच घासत जाते. पूर्ण वाळल्यावर रबरासाठीचं कंडिशनर लावा. पाण्यावर आधारित ३०३ प्रोटेक्टंट मी वापरते, ते उन्हाच्या अतिनील किरणांपासूनही वाचवतं. स्प्रे थेट सीलवर न मारता फडक्यावर घेऊन पुसायचं. सिलिकॉन स्प्रेही चालतो पण घेताना डब्यावर रबराला सुरक्षित असं लिहिलेलं बघा, कारण काही सिलिकॉन स्प्रेंमध्ये वाहक म्हणून पेट्रोलियमचंच सॉल्व्हंट असतं. आणि सिलिकॉन आतल्या फरशीवर उडालं तर ती बर्फासारखी निसरडी होते, शिवाय जिथे पुढे सीलंट लावायचंय तिथे उडालं तर सीलंट धरतच नाही.

लांब मुक्कामाला ट्रेलर उभा करणार असाल तर सीलवर हलका टाल्कचा हात फिरवा म्हणजे ते चिकटून बसत नाही. आणि स्लाइड शक्यतो आत घेऊनच ठेवा.

निवांत_मुक्काम:
रानवाटताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. व्हॅसलीनचा डबा परत ठेवून दिला. आत्ताच जीभ उलटून बघितली तर मागे बारीक पाचोळ्याचा आणि मातीचा थर आहे, वरच्या डाव्या कोपऱ्यात तर जीभ साधारण चार इंच आतल्या बाजूला दुमडून बसलीये. ती हाताने सरळ केली तर चालेल ना?

रानवाट:
चालेल, पण जोर लावून खेचू नका. कोमट पाण्याचं फडकं पाच मिनिटं धरून ठेवा, रबर नरम पडलं की प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने हळूच बाहेर काढा. धारदार काहीही नको. आणि त्या कोपऱ्याखाली आतून जमीन दाबून बघा, दुमडलेल्या सीलमधून पाणी आत आलेलं असू शकतं.

बिऱ्हाड_पाठीवर:
रानवाट यांच्या शेवटच्या वाक्याला हजार वेळा अनुमोदन. आमचा अनुभव मुद्दाम लिहितो.

आमचंही असंच एका कोपऱ्यातलं सील दुमडलेलं होतं आणि आम्ही दोन सीझन ते बघितलंच नाही, आवाज नव्हता म्हणजे सगळं ठीक असं धरून चाललो. मग एकदा सोफा सरकवला तर कोपऱ्यात जमीन पायाला पापडासारखी नाही, भिजलेल्या पावासारखी लागली. कार्पेट उचललं, खालच्या ओएसबीत (लाकडाच्या चिपट्या दाबून केलेल्या फळीत) बोट सहज गेलं आणि ओला भुसा हातात आला. स्लाइडच्या खालून जे काळं विणलेल्या प्लास्टिकचं आवरण असतं ते फाटलेलं नव्हतं, उलट त्याने आत शिरलेलं पाणी धरूनच ठेवलं होतं. सोफ्यामागची वीतभर रुंद आणि पाच फूट लांब पट्टी पूर्ण कापून नवीन प्लाय घालावी लागली, सलग तीन आठवड्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. बायको त्या जागी आता दर मुक्कामाला हात लावून बघते.

म्हणून हात जोडून सांगतो, वंगणाच्या दिवशी टॉर्च घेऊन चारही कोपरे बघाच. स्लाइडचं छप्परही. आत घेण्याआधी वरचा पाचोळा झाडला नाही तर तो सगळा जिभेखाली ओढला जातो. एक छोटी काटकीसुद्धा सील उचलून धरायला पुरते.

विजेरी:
सगळे वंगणावर बोलतायत पण मला पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य खटकतंय. "आतले दिवेही तेवढ्या वेळात मंद होतात." निवांत, दिवे डोळ्यांना कळण्याइतके मंद होत असतील तर व्होल्टेज चांगलंच कोसळतंय, आणि ते ग्रीसने सुधारणार नाही.

स्लाइडची मोटर १२ व्होल्टची, जोर लागला की २०-३० अँपिअर सहज ओढते. आता वायरच्या एखाद्या जोडात गंज चढून तिथे फक्त ०.०५ ओहम रोध तयार झाला असं समजा. ३० अँपिअरला त्या एका जोडावर दीड व्होल्ट जागच्या जागी गेला आणि त्याची तिथे ४५ वॅट उष्णता झाली. मोटरला १२ ऐवजी साडेदहा मिळाले की ती हळू होते, जास्त वेळ चालते, तापते, कण्हते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं स्लाइड जड झालीये.

मीटर असेल तर असं करा. काही चालू नसताना आणि चार्जर बंद करून तासाभराने बॅटरीवर मोजा, भरलेली लेड-अॅसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग एकाने स्लाइड आत घ्यायची आणि दुसऱ्याने बॅटरीवर वाचन घ्यायचं. पुन्हा तेच मोटरच्या वायरींवर. बॅटरीवर १२ आणि मोटरवर साडेदहा आले तर फरक वाटेत कुठेतरी हरवतोय, आणि दहापैकी आठ वेळा तो अर्थिंगच्या बोल्टवर सापडतो, चासीला जिथे काळी नाहीतर पांढरी वायर आवळलेली असते तिथे. दोन्हीकडे पडलं तर बॅटरीच थकलीये.

मोटर ट्रेलरखाली असेल तर चालू स्लाइडखाली हात घालून मोजू नका. लांब वायरी लावून मीटर बाहेर आणा.

आणि एक विनंती, फ्यूज उडत असेल म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवू नका. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, मोटर चालावी म्हणून नाही.

पाना_१३:
विजेरी, माझ्या नजरेतून दिव्यांचं वाक्य पूर्ण सुटलं होतं. बरं झालं लिहिलंत.

त्यावरून आठवलं. निवांत, बाहेर जाताना ठीक आणि आत येताना जड, असं आहे ना? मग ट्रेलरची लेव्हल पण बघा. स्लाइडच्या बाजूला ट्रेलर कलला असेल तर बाहेर जाताना तिला उतार मिळतो आणि आत येताना सोफा, टेबल, कपाट सगळं घेऊन चढ चढावा लागतो. आत जमिनीवर पाणसळ ठेवा, बुडबुडा कुठे जातो सांगा. आणि टेप घेऊन पूर्ण बाहेर असताना दोन्ही टोकांना अंतर मोजा, दोन-चार सुतांपेक्षा जास्त फरक असेल तर स्लाइड गुण्यात (काटकोनात) नाही.

छोटं_घर:
धागा मध्येच पळवतेय, माफ करा. आमची इन-वॉल आहे, श्विनटेक. तिला पण हेच ड्राय ल्यूब का? आणि आमची एक बाजू पुढे एक मागे अशी तिरकी येते, ते वंगणाने जाईल का?

विजेरी:
छोटं_घर, तिला सहसा वंगण लागत नाही. पट्ट्या पुसून कोरड्या ठेवायच्या, फारच आवाज आला तर ड्राय ल्यूबचा हलका फवारा, ग्रीस किंवा तेल मात्र अजिबात नाही, त्या अॅल्युमिनियमच्या दात्यांत मळ बसला की संपलं.

तिरकी येण्याचं कारण वेगळं आहे. तिला दोन मोटर असतात, प्रत्येक बाजूला एक, आणि कंट्रोलर दोघींच्या फेऱ्या मोजून त्यांना बरोबरीने चालवतो. लोक काय करतात, स्लाइड टेकल्यासारखी वाटली की लगेच बटण सोडतात, किंवा मध्येच चार वेळा थांबवतात, आणि हळूहळू दोघींचा हिशोब चुकत जातो. पूर्ण बाहेर गेल्यावरही बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, मोटर स्वतःहून थांबू द्या, आत घेतानाही तसंच. आत्ता हिशोब चुकलाय तर पूर्ण बाहेर काढून दाबून धरा, मग एक-दोन इंच आत घ्या, परत बाहेर आणि परत पाच सेकंद दाबून धरा. दोन्ही मोटर एकाच क्षणी थांबल्याचं ऐकू येईपर्यंत हेच करत राहा.

कंट्रोलरच अडून बसला आणि स्लाइड बाहेर राहिली तर कंट्रोलरवरचं मोड बटण भरभर सहा वेळा दाबून सातव्यांदा पाचएक सेकंद दाबून धरायचं, लाल-हिरवे दिवे लुकलुकायला लागले की आतल्या बटणाने स्लाइड आत घेता येते. पण त्या वेळी दोन मोटरांचा ताळमेळ नसतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा.

छोटं_घर:
आम्ही वर्षभर टेकली की सोडतच होतो! आज संध्याकाळी करून बघते. खूप खूप धन्यवाद.

लांबपल्ला:
केबलवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. केबलला तेल-ग्रीस चोळू नका, ताण बघा, आणि कापसाचा बोळा केबलवरून फिरवा. कापूस कुठे अडकला तर तिथला तंतू तुटलाय, ती केबल बदलायची, हाताने थेट चाचपू नका, तुटलेला तंतू सुईसारखा घुसतो. हायड्रॉलिकवाल्यांनी दांडे पुसायचे आणि टाकीतलं तेल बघायचं, ते सगळे सिलिंडर आत असताना, नाहीतर पातळी कमी दिसते आणि माणूस जास्त भरून ठेवतो.

निवांत_मुक्काम:
मंडळी, शनिवार अख्खा ट्रेलरखाली काढला, आता सविस्तर लिहितो.

आधी पाणसळ. स्लाइडच्या बाजूला ट्रेलर कललेला होता, आमच्या अंगणातल्या नेहमीच्या जागेवर तो तसाच उभा असतो. त्या बाजूच्या चाकांखाली एक फळी घालून पुढे ओढला तेव्हा बुडबुडा मधे आला.

मग बॅटरी तोडून नळ्या साफ करायला घेतल्या. डावी नळी दीड तासात झाली. उजवीवर ग्रीसचा गोळा जाड होता, तो खरवडता खरवडता पिनियनपासून वीतभर अंतरावर पट्टी कशाला तरी अडली, बघितलं तर दोन दात्यांच्या खाचेत एक खडा. हरभऱ्याएवढा, तिरका बसलेला, ग्रीसमध्ये असा मुरलेला की दाता आणि खडा वेगळे ओळखू येत नव्हते. वरून तो चपटा होऊन चकाकत होता, म्हणजे किती वेळा पिनियन त्याच्यावरून गेलं असेल देव जाणे. बांबूच्या काडीने उकरून काढला. त्याच्या शेजारच्या दात्याची कड किंचित उडालीये, बाकी दाते चांगले आहेत. टक् आवाज हाच होता, कारण आता तो नाहीये.

रविवारी सकाळी ड्राय ल्यूब मारलं, वीस मिनिटं वाळू दिलं, बॅटरी जोडली आणि स्लाइड तीनदा आत-बाहेर केली. बाहेर जाताना लोण्यासारखी. आत येताना मात्र शेवटी अजूनही दम लागल्यासारखी येत होती आणि दिवे मंद होतच होते. म्हणून विजेरी यांनी सांगितल्याप्रमाणे मीटर लावला. बॅटरी नुसती असताना १२.६. स्लाइड आत येताना बॅटरीवर ११.९ आणि मोटरच्या वायरींवर १०.३! दीडपेक्षा जास्त व्होल्ट वाटेत गायब. मुलगा आत बटणावर, बायको आकडे वाचायला, मी बाहेर उभा, असं दोनदा करून खात्री केली.

अर्थिंगचा बोल्ट पुढच्या बाजूला बॅटरीच्या खोक्याखाली सापडला. वरून बरा दिसत होता पण पाना लावला तर पाव फेरा तसाच फिरला, सैल होता. बॅटरी परत तोडून उघडला तेव्हा वायरीचं टोक आणि चासी यांच्यामध्ये तपकिरी पूड. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासले, नवीन टोक आणि दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून गंजरोधक फवारलं. पुन्हा मोजलं तर बॅटरीवर १२.० आणि मोटरवर ११.६. आणि स्लाइड, खरंच सांगतो, मी इतक्या वेगाने आत येताना तिला चार वर्षांत कधी बघितली नव्हती. म्हणजे विकत घेतली तेव्हापासूनच ती अशी अर्धपोटी चालत होती आणि मी तोच तिचा वेग समजत होतो.

सीलं ताईंनी सांगितलं तशी पुसली, जिभेमागून मूठभर माती निघाली. दुमडलेला कोपरा कोमट फडक्याने सुटला पण रबराला कायमची घडी पडलीये, थोडा वेळ सरळ राहतो आणि मग हळूहळू परत आत वळतो. खालची जमीन सगळीकडे दाबून बघितली, सुदैवाने टणक आहे. फुगीर सील कसं तपासायचं तेवढं राहिलं.

विजेरी:
वा, आकडे दिलेत हे फार छान केलंत. ०.४ व्होल्टचा फरक ह्या लांबीच्या वायरीला ठीक आहे. तो बोल्ट दर वर्षी एकदा पान्याने बघत जा.

पाना_१३:
खडा काढलात तिथली उडालेली कड बारीक कानशीने नुसती गुळगुळीत करा, आकार बदलू नका, आणि लोखंडाचा कीस पुसून घ्या. पुढच्या प्रवासानंतर परत एकदा बघा. तुमचा रस्ता धुळीचा किंवा समुद्राजवळचा असेल तर वर्षातून दोनदाच्या ऐवजी दर दोन-तीन महिन्यांनी पुसणं-फवारणं करा.

रानवाट:
फुगीर सीलसाठी कागदाची पट्टी घ्या, वहीच्या पानाची चालेल. स्लाइड बंद होताना ती सील आणि भिंतीच्या मध्ये धरायची, पूर्ण बंद झाली की ओढून बघायची. दाबून धरलेली लागली पाहिजे. सहज निसटली तर तिथे सील दाबलं जात नाहीये. दर फुटावर एकदा, चारी बाजूंनी. पट्टी लांब ठेवा, स्लाइड सरकत असताना बोटं तिथे नेऊ नका.

कोपऱ्यातली घडी परत परत पडणार, तेवढा तुकडा बदलावाच लागेल. जोड कोपऱ्यात देऊ नका, सरळ भागात द्या. आणि नवीन सील विकत घेण्याआधी जुन्याचा दोन इंच तुकडा कापून सोबत न्या, नुसत्या मापावर घेतलं तर आकार चुकतो, मी एकदा परत केलंय.

निवांत_मुक्काम:
कागदाची पट्टी आत्ताच करून आलो. बत्तीस जागी घट्ट, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून फूटभर सैल, म्हणजे जिथे जीभ दुमडलेली होती तिथेच. दोन्ही सीलचे तुकडे कापून पिशवीत ठेवलेत, उद्या घेऊन जातो. निघायला अजून नऊ दिवस आहेत, तोवर त्या कोपऱ्यावर बाहेरून ताडपत्री बांधून ठेवलीये.